‘या विषयावरचं संशोधन वाढतंय’ असं लिहिण्याआधी



सिनॉप्सिस लिहायला घेतलं की पहिल्याच पानावर एक वाक्य आपोआप उतरतं: ‘गेल्या दोन दशकांत या विषयावरील संशोधनात लक्षणीय वाढ झाली आहे.’ त्याखाली स्कोपसमधून काढलेला आलेख, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेघ. गाइडना बरं वाटतं, आपल्यालाही बरं वाटतं. पेट, नेट, मुलाखत एवढं सगळं पार पाडून आल्यावर आपला विषय ‘चालता’ आहे हे कुणाला नको असतं? मग आरएसीत कुणीतरी शांतपणे विचारतं, “ही रेघ नेमकं काय मोजते?”

या प्रश्नाचं उत्तर आज एका विषयाच्या निमित्ताने बघू. विषय आहे सांस्कृतिक-ऐतिहासिक मानसशास्त्र. डीएड-बीएडवाल्यांना आणि टीईटी दिलेल्यांना माहीत असलेला वायगॉट्स्की याच घरातला. मी मूळची भौतिकशास्त्राची, आता विज्ञान शिक्षणात पीएचडी करतेय, त्यामुळे या विषयाकडे जरा बाहेरून आलेय. पण प्रकाशनांचा आलेख कसा फसवतो हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आधी विषय काय ते

या शाखेचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस नुसत्या मेंदूने विचार करत नाही, तो साधनांनी विचार करतो. भाषा, आकडे, मापं, नकाशे, पाढे ही ती साधनं. ती समाजाने इतिहासात घडवलेली असतात, आणि मूल ती दुसऱ्यांबरोबर वापरता वापरता आपलीशी करतं.

पायलीचं उदाहरण घ्या. मी शिवऱ्याची. भोर तालुक्यातलं हे गाव पुणे-सातारा हायवेला लागून आहे आणि आमच्याकडे भात पिकतो. जुनी माणसं तांदूळ मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. मापं कशी? दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. दर पायरीला दुप्पट. हे माप हातात घेऊन वाढलेल्या माणसाला अर्धं, पाव, अर्ध्याचं अर्धं हे शिकवावं लागत नाही, ते त्याच्या हातात असतं. दशमान पद्धतीत वाढलेल्या मुलाचा विचार दहाने भागण्याच्या वाटेने जातो. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत, तेही असंच साधन. साधन बदललं की विचाराची वाट बदलते, हा या शाखेचा गाभा आहे.

लेव वायगॉट्स्की १८९६ मध्ये जन्मला आणि १९३४ मध्ये क्षयाने गेला. त्याचा सहकारी अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या, शिकलेल्या-न शिकलेल्यांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून आला. पायलीसारखे प्रश्न त्या मोहिमेत भरपूर होते. माणसं वस्तूंचे गट कसे पाडतात, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल तर्क करतात का, वगैरे.

आता आलेखाकडे या.

रेघ कुठे वाकते

लुरियाचं हे काम पुस्तकरूपात रशियनमध्ये आलं १९७४ मध्ये आणि इंग्रजीत १९७६ मध्ये. म्हणजे माहिती गोळा झाली १९३१-३२ मध्ये, आणि प्रकाशनाच्या आलेखात तो बिंदू पडतो चाळीसेक वर्षांनी. मधल्या काळात लुरियाला विषयातला रस संपला होता का? अजिबात नाही. जुलै १९३६ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने ‘पेडॉलॉजी’ या बालाभ्यासाच्या शाखेविरुद्ध ठराव केला, आणि वायगॉट्स्कीचं नाव घेणंही अवघड झालं. त्याचं निवडक लेखन पुन्हा छापलं गेलं ते १९५६ मध्ये. काम मात्र थांबलं नव्हतं. खारकीव्हमध्ये लिओन्तिएव्ह, झापोरोझेट्स वगैरे मंडळी प्रयोग करतच होती.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आलेखातली रिकामी वर्षं म्हणजे संशोधन नसलेली वर्षं, असं धरून चालता येत नाही. काम कधी झालं आणि ते कधी छापलं गेलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आलेख दुसऱ्याचं उत्तर देतो आणि आपण ते पहिल्याचं समजून लिहून टाकतो.

दुसरं वळण भाषांतराचं. वायगॉट्स्कीचं ‘विचार आणि भाषा’ रशियनमध्ये १९३४ चं, इंग्रजीत १९६२ चं, आणि ते इंग्रजी पुस्तक बरंच कापून छोटं केलेलं होतं. मग १९७८ मध्ये आलं ‘माइंड इन सोसायटी’. जगभर सगळ्यात जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्या पुस्तकांतलं हे एक. गंमत अशी, की या रूपात हे पुस्तक वायगॉट्स्कीने कधी लिहिलंच नाही. मायकेल कोल आणि इतर संपादकांनी त्याच्या वेगवेगळ्या लेखनातले भाग निवडून, जुळवून ते तयार केलं. कंसात ‘वायगॉट्स्की, १९७८’ असं लिहिलेलं दिसतं तेव्हा त्याचा अर्थ ‘चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या लेखनाची अमेरिकन संपादकांनी केलेली मांडणी’ असा होतो. तुमच्या आलेखात १९८० नंतर चढण दिसली, तर विचारा: संशोधक वाढले, की वाचायला इंग्रजीत पुस्तक मिळालं?

तिसरं वळण नावांचं, आणि हे सगळ्यात त्रासदायक. एकाच माणसाचं आडनाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहितात. इंग्रजीत एक, जर्मनमध्ये दुसरं, स्पॅनिशमध्ये तिसरं. मराठीत तरी कुठे एकमत आहे? वायगॉट्स्की, व्हायगॉटस्की, वायगोत्स्की, विगोत्स्की. शोधगंगेवर मराठी प्रबंध शोधताना एकच वर्तनी टाकलीत तर बाकीचे प्रबंध तुमच्यासाठी जगात नाहीत. आणि शाखेचं नाव? कुणी ‘सांस्कृतिक-ऐतिहासिक’ म्हणतं. अमेरिकेत जेम्स वर्ट्‌श यांच्या परंपरेतले लोक ‘सामाजिक-सांस्कृतिक’ म्हणतात. फिनलंडच्या युर्यो एंगेस्ट्रॉम यांच्या १९८७ च्या पुस्तकानंतरचे ‘कृती सिद्धान्त’ म्हणतात. पीटर काइलर यांनी तर असं मांडलंय की ‘सांस्कृतिक-ऐतिहासिक’ हे नाव सुरुवातीला विरोधकांनी वापरलं होतं. शोधपट्टीत एकच नाव टाकलंत, तर आलेखात दिसतो तो त्या नावाच्या फॅशनचा इतिहास.

जाता जाता एक. टीईटीच्या गाइडमध्ये ‘स्कॅफोल्डिंग’ची संकल्पना वायगॉट्स्कीची म्हणून सर्रास छापलेली असते. तो शब्द वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातला. वायगॉट्स्कीने दिली ती ‘समीपस्थ विकासाचं क्षेत्र’ ही कल्पना. पुढे दोन्ही एकत्र शिकवल्या गेल्या आणि चिकटल्या. म्हणून ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द टाकून मिळालेले पेपर या शाखेचे म्हणून मोजायचे का, याचा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल आणि तो लिहूनही ठेवावा लागेल.

मोजणारा बदलला की मोजणी बदलते

आता डेटाबेस. युजीन गारफील्ड यांच्या संस्थेचा सामाजिक शास्त्रांचा सायटेशन इंडेक्स १९७० च्या दशकात सुरू झाला. स्कोपस २००४ चं. वेब ऑफ सायन्सने २०१५ मध्ये ‘इमर्जिंग सोर्सेस’ नावाचा नवा विभाग जोडला आणि बरीच जर्नल्स एकदम आत आली. अशा वर्षी सगळ्याच विषयांची रेघ वर जाऊ शकते. शिवाय या शाखेची स्वतःची जर्नल्सही उशिरा निघाली: ‘माइंड, कल्चर अँड अ‍ॅक्टिव्हिटी’ १९९४ मध्ये, ‘कल्चर अँड सायकॉलॉजी’ १९९५ मध्ये, मॉस्कोचं खास याच नावाचं जर्नल २००५ मध्ये. नवीन जर्नल म्हणजे दरवर्षी ठरावीक पानं भरायची सोय. त्यामुळे काही प्रमाणात वाढ ही छापखान्याची वाढ असते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तरी सिनॉप्सिसमध्ये क्वचित दिसतो: छेद घ्या. समजा, २००५ मध्ये तुमच्या विषयाचे ४० पेपर आहेत आणि त्या वर्षी डेटाबेसमध्ये मानसशास्त्राचे एकूण २०,००० पेपर आहेत. २०२० मध्ये तुमचे १२० आणि एकूण ८०,०००. (आकडे कल्पित आहेत, फक्त हिशेबासाठी.) तुमचे पेपर तिप्पट झाले. पण वाटा ०.२० टक्क्यांवरून ०.१५ टक्क्यांवर आला. आता ‘लक्षणीय वाढ’ लिहिणार, की ‘घट’? डेरेक प्राइस यांनी १९६३ मध्येच सांगून ठेवलंय की एकूण विज्ञानच दहा-पंधरा वर्षांत दुप्पट होत आलंय. भरतीच्या पाण्यात सगळ्याच होड्या वर दिसतात.

भारतात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या-माझ्या पोटाशी संबंधित आहे: नियम. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला असणं सक्तीचं झालं. २०१६ मध्ये त्याला परिषदेतली दोन सादरीकरणं जोडली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ही सक्ती काढली. (तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलीय का, ते मात्र परिपत्रकात बघा.) सक्ती आली की पेपर येतात, आणि पेपर आले की ते छापून देणारी दुकानंही येतात. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीचं परीक्षण छापलं. यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी जर्नल्स कुठल्या डेटाबेसमध्ये नव्हती, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली. मग केअर यादी आली, तिचं काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हा ‘भारतात २०१० ते २०१८ या काळात अमुक विषयावर पेपर वाढले’ असं लिहायच्या आधी, ते पेपर कुठे छापले गेले ते उघडून बघा. मला विचाराल तर अशा वाढीला संशोधनाची वाढ म्हणणं मला पटत नाही. ती बऱ्याचदा अटीची वाढ असते.

कमी पेपर, मोठा विषय

उलटं उदाहरणही पाहू, नाहीतर सगळा खेळ मोजणीचाच वाटेल. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अ‍ॅनालूसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. मुलं किती? फक्त पाच, वय ९ ते १५. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या ६३ हिशेबांपैकी ९८.२ टक्के बरोबर. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणं म्हणून विचारले तर ७३.७ टक्के, आणि नुसत्या आकडेमोडीच्या रूपात दिले तर ३६.८ टक्के. पाच मुलांच्या या लेखाने गणित शिक्षणात एक अख्खी वाट पाडली.

ती वाट मुंबईपर्यंत आली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईतल्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीतल्या शाळकरी मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं. तिथे घराघरांत छोटे उद्योग चालतात, मुलं त्यात हात लावतात, आणि मोजमापाची, भागीदारीची, नफ्यातोट्याची बरीच समज तिथूनच आणतात. शाळेतल्या फळ्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे लेख मुद्दाम वाचावेत. विषय मोठा असूनही प्रश्न लहान आणि धरता येईल असा कसा ठेवायचा, हे त्यातून कळतं.

आपल्याकडचं काम आलेखात का दिसत नाही

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. जून २०१९ आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधिमंडळात विषय निघाला, विनोद फिरले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: आपण २७ लिहिताना आधी २ लिहितो आणि बोलताना आधी ‘सत्ता’ म्हणजे सात म्हणतो. शिवाय जोडाक्षरं. लहान मुलांची तिथे अडचण होते. कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, मग एकक.

हा शंभर टक्के सांस्कृतिक-ऐतिहासिक मानसशास्त्राचा प्रश्न आहे. संख्येचं नाव हे साधन, ते इतिहासाने दिलेलं, आणि ते बदलू म्हटल्यावर समाज का चिडतो हाही त्याच प्रश्नाचा भाग. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसात एक कमी, हे दुसरीतल्या मुलाला कधी आणि कसं उमगतं? त्या वेळी हा सगळा वाद रंगला वर्तमानपत्रांत, चॅनेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. स्कोपसला ती भाषाच येत नाही.

साताऱ्यातल्या कुमठे बीटचंही तसंच. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू झालं, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. आमच्या भोर-वेल्ह्याकडच्या शिक्षकांच्या तोंडीही ‘रचनावाद’ हा शब्द बसला. एवढी मोठी गोष्ट, हजारो वर्ग, आणि तिची नोंद शोधायची कुठे? ‘जीवन शिक्षण’, ‘पालकनीती’, ‘शैक्षणिक संदर्भ’, भारतीय शिक्षण संस्थेचं ‘शिक्षण आणि समाज’ यांसारखी मराठी नियतकालिकं, शिक्षकांनी केलेले कृतिसंशोधन अहवाल, परिषदांच्या स्मरणिका. यातलं काहीही तुमच्या रंगीत आलेखात येणार नाही. व्हॉसव्ह्यूअर किंवा बिब्लिओमेट्रिक्स ही चांगली सॉफ्टवेअर आहेत, फुकट आहेत, जरूर शिका. पण त्यांना जे दिलं तेच ती दाखवतात.

म्हणून ‘भारतीय संदर्भात या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे दुसरं आवडतं वाक्य लिहितानाही हात आखडता घ्या. कित्येकदा त्याचा खरा अर्थ ‘इंग्रजीत, या डेटाबेसमध्ये, मी टाकलेल्या शब्दांना काही सापडलं नाही’ एवढाच असतो. या वाक्याच्या भरवशावर पुढची चार-पाच वर्षं घालवायची असतील, तर आधी दोन-तीन दिवस जयकर ज्ञानस्रोत केंद्रात किंवा तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या अंकांपुढे बसणं परवडतं. ग्रंथपालांना सरळ विचारा. मॅडम-सर आनंदाने अंक काढून देतात, कारण ते मागणारं फारसं कुणी येत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं

शोधलं त्या दिवशीची तारीख लिहा. स्कोपसची संख्या दर आठवड्याला बदलते, आणि तारखेशिवायचा आकडा कुणालाच तपासता येत नाही. शोधपट्टीत टाकलेले शब्द जसेच्या तसे, सगळ्या वर्तनींसह द्या. चालू वर्ष आलेखातून वगळा, नाहीतर शेवटी रेघ घसरते आणि विषय संपत चालल्यासारखा दिसतो. मिळालेल्या पेपरांतले निदान पन्नास हाताने उघडा आणि वायगॉट्स्की त्यात कामाला आहे की फक्त नमस्काराला, ते ठरवा. प्रस्तावनेत एकदा नाव घेऊन पुढे नेहमीची प्रश्नावली आणि टी-चाचणी, असे पेपर खूप निघतील. ते वेगळे मोजा.

मजकूर साधारण असा होऊ शकतो: ‘दि. अमुक रोजी स्कोपसमध्ये पुढील सहा शब्दरूपांनी शोध घेतला. मिळालेल्या लेखांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेले पन्नास लेख वाचले असता त्यांपैकी इतक्या लेखांत हा सिद्धान्त विश्लेषणासाठी वापरलेला आढळला. मानसशास्त्रातील एकूण लेखांच्या तुलनेत या विषयाचा वाटा अमुक काळात इतका होता. मराठी नियतकालिकांतील लेखन डेटाबेसमध्ये समाविष्ट नसल्याने अमुक वर्षांचे अंक ग्रंथालयात स्वतंत्रपणे पाहिले.’ आलेख याच्या खाली टाका, आणि आरएसीला जाताना त्या पन्नास लेखांची यादी फाइलमध्ये ठेवा.